शासनाचे अपकृत्य-दायित्व, भारतातील

शासनाच्या सेवकाने आपले काम करीत असताना हयगयीने किंवा बेकायदेशीर वर्तनाने नागरिकाच्या जीविताला, शरीराला, स्वातंत्र्याला अथवा मालमत्तेला इजा पोहोचविली, तर त्या इजेची भरपाई शासनाने करावयाची की नाही, हे ठरविणाऱ्या नियमांचा समुच्चय म्हणजे शासनाचे अपकृत्य-दायित्व होय. खाजगी मालकाच्या बाबतीत हा प्रश्न फारसा अवघड नसतो. सेवकाने सेवेच्या ओघात केलेल्या अपकृत्याबद्दल मालकही जबाबदार असतो. यास प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. मालकाच्या जागी शासन आले, की मात्र हा साधा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. भारतात या विषयावर संसदेने सर्वसाधारण अधिनियम केलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील एका व्यापारी कंपनीच्या घटनात्मक स्थितीवरून निघालेले सूत्र, दिवाणी प्रक्रिया संहितेतील काही कलमे आणि संविधानाच्या आधारे न्यायालयांनी निर्माण केलेला सार्वजनिक कायद्यातील उपाय, या तिहींनी मिळून हे क्षेत्र व्यापले आहे. त्यामुळे इजा झालेल्या नागरिकाला भरपाई मिळेल की नाही, हे पुष्कळदा इजेच्या गांभीर्यापेक्षा सेवक त्या वेळी कोणत्या प्रकारचे काम करीत होता आणि वादीने कोणता मार्ग निवडला, यांवर अवलंबून राहिले.

इंग्लंडमधील तत्त्व व कंपनीचे दुहेरी स्वरूप : ‘राजाच्या हातून अपराध घडू शकत नाही’, हे इंग्लंडच्या सामान्य विधीतील जुने तत्त्व होते. राजाच्या न्यायालयात राजावरच दावा चालू शकत नाही, हा त्याचा प्रक्रियात्मक भाग. सेवकाने केलेले अपकृत्य राजाला चिकटत नाही, हा त्याचा मूलगामी भाग. करार अथवा मालमत्तेसंबंधीच्या गाऱ्हाण्यासाठी राजाच्या अनुमतीने अर्ज करण्याची सोय होती. अपकृत्यासाठी ती उपलब्ध नव्हती. इंग्लंडमध्ये ही स्थिती १९४७ च्या क्राउन प्रोसीडिंग्ज ॲक्टने संपुष्टात आली.

भारतात मात्र हे तत्त्व आरंभापासूनच पूर्णपणे लागू नव्हते. ईस्ट इंडिया कंपनी ही व्यापारी संस्था होती आणि तिच्यावर दावे होत असत. पुढे ती प्रदेशांची राज्यकर्ती झाली. १८३३ च्या सनदी कायद्याने तिचा व्यापार संपला, तरी सरकारी जहाजे, गोद्या, मिठाची व अफूची व्यवस्था यांसारखे व्यवहार तिच्याकडे राहिलेच. १८५८ च्या कायद्याने कंपनीचा कारभार राणीच्या हाती गेला, तेव्हा त्या कायद्याच्या ६५ व्या कलमाने अशी तरतूद केली, की कंपनीविरुद्ध जे दावे करता आले असते, ते सर्व यापुढे भारतमंत्र्यांविरुद्ध करता येतील. हीच तरतूद १९१५ च्या कायद्यातील ३२ व्या आणि १९३५ च्या कायद्यातील १७६ व्या कलमांतून पुढे चालू राहिली. परिणामतः शासनाची जबाबदारी ठरविताना ‘कंपनी आज असती, तर तिच्यावर दावा चालला असता काय?’ हाच प्रश्न न्यायालयांपुढे प्रत्येक वेळी उभा राहू लागला.

राज्यकृत्य : दावा मुळीच चालू शकत नाही असे एक क्षेत्र या काळात स्पष्ट झाले. त्याचे प्रसिद्ध उदाहरण तंजावरच्या मराठी राजघराण्याचे आहे. १८५५ मध्ये तंजावरचे राजे शिवाजी हे पुरुष वारस न ठेवता मरण पावले. कंपनीने संस्थान खालसा केले आणि त्यासोबत राजांची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी खाजगी मालमत्तेसाठी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली व त्यांना तेथे यश मिळाले. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मात्र तो निर्णय फिरविला. मालमत्तेची जप्ती कोणत्याही कायद्याचा आधार घेऊन केलेली नसून ती एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेली कृती आहे, म्हणून ती न्याय्य की अन्याय्य हे ठरविण्याचा अधिकार देशांतर्गत न्यायालयाला नाही, असे तिने ठरविले. अशा कृतीस राज्यकृत्य म्हणतात. आपल्याच नागरिकाविरुद्ध शासनाला राज्यकृत्याचा बचाव घेता येत नाही, हे तत्त्व पुढे सर्वमान्य झाले.

१८६१ चा निर्णय : या विषयातील आधारभूत निर्णय पेनिन्शुलर अँड ओरिएंटल स्टीम नॅव्हिगेशन कंपनी वि. भारतमंत्री (१८६१) हा होय. कलकत्त्याजवळील खिदिरपूरच्या सरकारी गोदीच्या हद्दीतून जाणाऱ्या रस्त्याने वादी कंपनीची घोडागाडी चालली होती. गोदीतील मजूर सरकारी जहाजाच्या दुरुस्तीसाठी लोखंडाचा एक अवजड भाग रस्त्याच्या मध्यभागातून वाहून नेत होते. गाडी जवळ येताच त्यांनी तो खाली टाकला. त्या आवाजाने घोडा बिथरला, लोखंडावर जाऊन आदळला व जखमी झाला. कंपनीने ३५० रुपये भरपाईचा दावा लघुवाद न्यायालयात लावला. भारतमंत्री जबाबदार ठरतात किंवा नाही, हा प्रश्न त्या न्यायालयाने कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अभिप्रायार्थ पाठविला. हा अभिप्राय पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयसंग्रहाच्या पाचव्या खंडाच्या परिशिष्टात छापला गेला आणि तेथूनच तो देशभर उद्‌धृत होत राहिला.

मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी निर्णय वादीच्या बाजूने दिला. गोदी चालविणे व जहाजे दुरुस्त करणे ही कामे कोणीही खाजगी व्यक्ती करू शकते. म्हणून त्यांतील हयगयीबद्दल कंपनी जशी जबाबदार ठरली असती, तसेच भारतमंत्रीही ठरतात, असे त्यांनी सांगितले. हे सांगताना त्यांनी एक भेद मांडला : सार्वभौम सत्तेवाचून जी कामे करताच येत नाहीत, ती एका बाजूस आणि सार्वभौम सत्तेशिवायही जी खाजगी व्यक्तींना करता येतात, ती दुसऱ्या बाजूस. प्रत्यक्ष निर्णयासाठी यांपैकी दुसऱ्या वर्गाचाच विचार पुरेसा होता. तथापि पुढील शंभर वर्षांत पहिल्या वर्गाविषयीचे विवेचन हाच या निर्णयाचा मुख्य भाग समजला गेला. शासनाला ३५० रुपयांसाठी जबाबदार धरणारा निर्णय अशा रीतीने शासनाला मुक्त करण्याचा प्रमुख आधार बनला.

दोन विचारधारा : नोबिनचंद्र डे वि. भारतमंत्री (१८७६) या प्रकरणात गांजा व मद्य यांच्या विक्रीचा परवाना नाकारल्याबद्दल दावा होता. कलकत्ता उच्च न्यायालयाने पीकॉक यांचा भेद स्वीकारून, अबकारी परवाने देणे हे सार्वभौम कार्य असल्याने दावा चालू शकत नाही, असे ठरविले. याउलट भारतमंत्री वि. हरी भानजी (१८८२) या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. मुंबईहून मद्रास इलाख्यातील बंदरांकडे मीठ जहाजातून जात असतानाच मिठावरील कर वाढला. व्यापाऱ्याला वाढीव कर भरावा लागला व तो परत मिळावा म्हणून त्याने दावा केला. कर वसूल करणे हे उघडच सार्वभौम कार्य होते. तरीही न्यायालयाने सांगितले, की शासनाने आपल्या कृतीला देशातील कायद्याचा आधार असल्याचा दावा केला, की त्या कृतीची त्याच कायद्यानुसार तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयास प्राप्त होतो. दाव्यापासून मुक्ती आहे ती केवळ राज्यकृत्यांनाच. या मतानुसार पीकॉक यांच्या भेदाला फारसा अर्थ उरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने राव वि. अडवाणी (१९४९) या प्रकरणात याच मताकडे कल दर्शविला.

परंतु बहुसंख्य निर्णय पहिल्या वाटेने गेले. शिवभजन दुर्गाप्रसाद वि. भारतमंत्री (१९०४) या मुंबईच्या प्रकरणात माहीमच्या मुख्य पोलीस अंमलदाराने चोरीचा माल असल्याच्या संशयावरून गवताच्या पेंढ्या जप्त केल्या. आरोपी सुटला; दरम्यान पेंढ्या मात्र नाहीशा झाल्या. मालकाच्या दाव्यात न्यायालयाने म्हटले, की अंमलदाराने ही जप्ती शासनाच्या आज्ञेने केली नसून विधिमंडळाने त्याला थेट दिलेल्या अधिकारात केली. म्हणून शासन जबाबदार नाही. मद्रासमध्ये लष्करी रस्त्यावर टाकलेल्या खडीमुळे झालेल्या अपघाताची भरपाईही याच भेदाच्या आधारे नाकारण्यात आली. खिदिरपूरच्या रस्त्यावरील घोड्याला भरपाई मिळाली. लष्करी रस्त्यावरील प्रवाशाला मिळाली नाही. दोघांची इजा हयगयीमुळेच झाली होती.

प्रक्रियेचे नियम : दावा चालू शकतो असे ठरले, तरी तो चालविण्याची वाट वेगळी होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ७९ व्या कलमानुसार शासनाविरुद्धचा दावा विहित नावानेच करावा लागतो. संविधानोत्तर काळात केंद्रासाठी ‘भारतीय संघराज्य’ आणि राज्यासाठी त्या राज्याचे नाव लावले जाते. ८० व्या कलमानुसार दावा दाखल करण्यापूर्वी शासनाला अथवा अधिकाऱ्याला लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. नोटिशीत दाव्याचे कारण, वादीचे नाव, वर्णन व राहण्याचे ठिकाण आणि मागितलेली दाद नमूद करावी लागते. अशीच तरतूद १८८२ च्या संहितेतील ४२४ व्या कलमात होती. शासनाला आपली बाजू तपासून पाहण्यास व योग्य मागणी न्यायालयाबाहेर पुरी करण्यास अवसर मिळावा, हा तिचा हेतू होता.

हा नियम किती कठोरपणे लावला जाई, हे मालेगावच्या प्रकरणावरून दिसते. १९२१ साली मालेगाव (जि. नासिक) येथे मोठी दंगल झाली. तीत झालेल्या नुकसानीच्या भरपाईसाठी मुंबई शासनाने जिल्हा पोलीस कायद्याखाली रहिवाशांवर कर बसविला. काही रहिवाशांनी वसुलीस मनाई मिळावी म्हणून दावा केला. नोटीस दिलेली होती, परंतु दोन महिने पुरे होण्यापूर्वीच दावा दाखल झाला होता. दोन महिने थांबल्यास तोवर वसुली होऊन जाईल व मनाई हुकुमाला काहीच अर्थ उरणार नाही, हा वादींचा युक्तिवाद होता. भागचंद दगडूसा वि. भारतमंत्री (१९२७) या निर्णयात प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला. ८० व्या कलमाची भाषा स्पष्ट व बंधनकारक आहे; तीत मनाई हुकुमाच्या दाव्यासाठी अपवाद नाही व न्यायालयाला तो निर्माण करता येणार नाही, असे तिने ठरविले. त्यानंतर सु. पन्नास वर्षे, शासनाकडून तातडीने होणारी हानी थांबविण्यासाठी दिवाणी न्यायालयाचा दरवाजा व्यवहारतः बंद राहिला.

नोटीस-पद्धतीचा अनुभव समाधानकारक नव्हता. नोटिशीला उत्तर देण्याऐवजी तीतील तांत्रिक दोष शोधून दावा काढून टाकावा, अशी मागणी करण्याकडे सरकारी पक्षाचा कल असे. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात हे कलम रद्द करण्याची शिफारस केली आणि पुढील अहवालांतही तिचा पुनरुच्चार केला. संसदेने कलम ठेवले, परंतु १९७६ च्या दुरुस्तीने त्याची धार कमी केली. तातडीच्या दादीसाठी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीवाचून दावा दाखल करता येऊ लागला व वादीची ओळख, दाव्याचे कारण आणि दाद पुरेशी स्पष्ट असल्यास केवळ दोषामुळे दावा फेटाळता येणार नाही, अशी तरतूद झाली. शासनाविरुद्धच्या दाव्यांत तडजोडीस साहाय्य करणे हे न्यायालयाचे कर्तव्य असल्याचेही त्याच दुरुस्तीने नमूद केले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सेलम वकील संघाच्या प्रकरणात, नोटिशींना मुदतीत उत्तर देण्यासाठी जबाबदार अधिकारी नेमावेत, असा निर्देश दिला.

शासनाचे स्थान इतर बाबतींतही विशेष आहे. शासनाविरुद्धचा हुकूमनामा तीन महिने अपुरा राहिल्याखेरीज त्याची अंमलबजावणी करता येत नाही. मुदतीचा नियम तर याहून लक्षणीय आहे. बेकायदेशीर कैदेबद्दल भरपाई मागणाऱ्या व्यक्तीला कैद संपल्यापासून एका वर्षाच्या आत दावा करावा लागतो (नोटिशीचा काळ त्यातून वगळला जातो). शासनाला मात्र सर्वसाधारणपणे स्वतःच्या दाव्यासाठी १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार ३० वर्षे मिळतात. पूर्वीच्या अधिनियमानुसार ती ६० वर्षे होती. भरपाईच्या रकमेच्या प्रमाणात भरावे लागणारे न्यायालय-शुल्क हा आणखी एक अडथळा असून, निर्धन व्यक्तीला शुल्कावाचून दावा करण्याची मुभा संहितेने दिलेली आहे.

संविधान व अपूर्ण विधेयके : संविधानाच्या ३०० व्या अनुच्छेदाने भारत सरकारवर व राज्यांवर त्यांच्या नावाने दावे करता येतील, असे सांगितले; परंतु दायित्वाची व्याप्ती मात्र, संसद वा विधानमंडळ अन्यथा ठरवीपर्यंत, संविधानापूर्वी होती तशीच ठेवली. म्हणजे १९३५ व १९१५ च्या कायद्यांतून मागे जात १८५८ च्या कलमापर्यंत आणि तेथून ईस्ट इंडिया कंपनीपर्यंत पोहोचावयाचे. ही व्यवस्था तात्पुरती मानलेली होती. मो. चि. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपला पहिलाच अहवाल (१९५६) याच विषयावर दिला व सार्वभौम-असार्वभौम हा भेद कालबाह्य ठरवून विधान करण्याची शिफारस केली. त्यानुसार शासनाचे अपकृत्य-दायित्व विधेयक १९६५ मध्ये व पुन्हा १९६७ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले. दोन्ही वेळा ते संमत झाले नाही.

विद्यावती व कस्तुरीलाल : संविधानोत्तर काळातील दोन निर्णयांनी या विषयातील ताण उघड केला. राजस्थान राज्य वि. विद्यावती (१९६२) या प्रकरणात उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांसाठी ठेवलेली जीप दुरुस्तीच्या कारखान्यातून परत आणताना चालकाने हयगयीने पदपथावरील एका पादचाऱ्याला धडक दिली व तो मरण पावला. हा अपघात १९५२ साली घडला होता. उच्च न्यायालयाने विधवा व अल्पवयीन मुलीला १५,००० रुपये भरपाई राज्याकडून देवविली. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि कल्याणकारी प्रजासत्ताकात शासनाला इतर मालकांहून निराळे संरक्षण देण्याचे समर्थन होऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले.

यानंतर तीन वर्षांच्या आतच कस्तुरीलाल रलियाराम जैन वि. उत्तर प्रदेश राज्य (निर्णय २९ सप्टेंबर १९६४) या प्रकरणाचा निकाल लागला. फाळणीनंतरच्या दिवसांत, २० सप्टेंबर १९४७ रोजी, अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोने-चांदी विकण्यासाठी मीरतला आला. रात्री पोलिसांनी त्याला संशयावरून अटक केली व त्याच्याजवळचे १०३ तोळ्यांहून अधिक सोने आणि २ मणांहून अधिक चांदी जप्त केली. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला व यथावकाश चांदी त्याला परत मिळाली. सोने नियमानुसार कोषागारात ठेवावयास हवे होते. ते पोलीस ठाण्याच्या मालखान्यातच राहिले. तेथील हवालदाराने त्याचा अपहार करून पाकिस्तानात पलायन केले.

पोलिसांची हयगय न्यायालयाने मान्य केली. प्रश्न उरला तो शासनाच्या दायित्वाचा. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निर्णय मुख्य न्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दिला. अटक, झडती व मालाची जप्ती हे अधिकार कायद्याने दिलेले असून ते सार्वभौम स्वरूपाचे आहेत. त्यांच्या वापरात घडलेल्या हयगयीबद्दल भरपाईचा दावा चालू शकत नाही, असे त्यांनी पीकॉक यांच्या भेदाच्या आधारे ठरविले. विद्यावती प्रकरणातील जीप चालविण्याचा सार्वभौम कार्याशी संबंध नव्हता, म्हणून तो निर्णय येथे लागू होत नाही, असेही सांगितले. मात्र कायद्याने जप्त केलेली आपली मालमत्ता परत न मिळालेल्या नागरिकास शासनाकडे काहीच मागता येत नाही, असे सांगावे लागत असल्याबद्दल निर्णयात अस्वस्थता व्यक्त झाली आणि विधिमंडळांनी या स्थितीत बदल घडवून आणण्याचा गंभीरपणे विचार करावा, असेही सुचविण्यात आले. साठ वर्षांपूर्वीच्या माहीमच्या पेंढ्या व मीरतचे सोने यांचा निकाल एकच लागला.

निर्णय बंधनकारक असल्याने न्यायालयांना आडवाटा शोधाव्या लागल्या. गुजरात राज्य वि. मेमन महंमद हाजी हसन (१९६७) या प्रकरणात जकात अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या वाहनांची, मालकाचे अपील प्रलंबित असताना, विल्हेवाट लावण्यात आली. जप्त वस्तू परत करण्याची शक्यता असेतोवर शासन ठेवदारासारखे असते व वस्तूची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य त्याच्यावर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. अपकृत्याच्या नावाने जे मिळत नव्हते, ते ठेवीच्या नात्याने मिळू लागले.

सार्वजनिक कायद्यातील उपाय : खरा बदल दिवाणी दाव्याबाहेर घडून आला. संविधानाच्या ३२ व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाकडे आणि २२६ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाकडे मूलभूत अधिकारांच्या रक्षणासाठी अर्ज करता येतो. मात्र पैशाच्या स्वरूपातील भरपाई हा दिवाणी न्यायालयाचा विषय समजला जाई. रुदुल शाह वि. बिहार राज्य (१९८३) या प्रकरणात ही समजूत मोडली. अर्जदार ३ जून १९६८ रोजी निर्दोष सुटला होता. परंतु तुरुंगातून त्याची सुटका १६ ऑक्टोबर १९८२ रोजी, म्हणजे चौदा वर्षांहून अधिक काळाने झाली. देहोपस्थितीचा अर्ज सुनावणीस आला, तेव्हा तो सुटलेला होता. केवळ सुटका झाली म्हणून अर्ज निकालात काढल्यास एकविसाव्या अनुच्छेदातील जीवित व स्वातंत्र्याचा अधिकार नाममात्र ठरेल, असे मुख्य न्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी सांगितले आणि पूर्वी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये देण्याचा राज्याला आदेश दिला. ही रक्कम अंतरिम असून पूर्ण भरपाईसाठी दिवाणी दावा करण्याचा अर्जदाराचा हक्क अबाधित ठेवण्यात आला. विधानसभेच्या अधिवेशनास जाण्यापासून अटकेने रोखलेल्या सदस्यास १९८५ मध्ये ५०,००० रुपये देण्यात आले, तेही याच धोरणानुसार.

या उपायाचे तात्त्विक विवेचन नीलाबती बेहेरा वि. ओरिसा राज्य (१९९३) या निर्णयात आढळते. पोलीस चौकीत नेलेल्या २२ वर्षांच्या तरुणाचे प्रेत दुसऱ्या दिवशी लोहमार्गाजवळ सापडले. त्याच्या आईचे पत्र हाच अर्ज मानून न्यायालयाने १,५०,००० रुपये भरपाई दिली. अपकृत्याबद्दलची भरपाई हा खाजगी कायद्यातील उपाय असून त्यात सार्वभौमत्वाचा बचाव कदाचित शक्य असेल. मूलभूत अधिकाराच्या भंगाबद्दलची भरपाई हा सार्वजनिक कायद्यातील स्वतंत्र उपाय असून त्यात त्या बचावाला स्थानच नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारनामा १९७९ मध्ये स्वीकारताना भारताने, बेकायदेशीर अटकेबद्दल भरपाईचा अंमलबजावणीयोग्य हक्क भारतीय विधिव्यवस्थेत नाही, अशा अर्थाचे आरक्षण नोंदविले होते. ते या विकासाच्या आड येऊ शकले नाही.

नंतरचे दिवाणी निर्णय : सार्वजनिक कायद्यातील बदलाचा परिणाम दिवाणी दाव्यांवरही झाला. नागेंद्र राव वि. आंध्र प्रदेश राज्य (१९९४) या प्रकरणात जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली जप्त केलेली खते व धान्य हयगयीने निकामी झाली. जप्तीचा अधिकार कायद्याने दिलेला असूनही सर्वोच्च न्यायालयाने राज्याला जबाबदार धरले. कल्याणकारी राज्यात संरक्षण, परराष्ट्रव्यवहार, युद्ध व तह यांसारख्या मूलभूत कार्यांपुरतेच सार्वभौमत्वाचे संरक्षण उरते, असे मत या निर्णयात मांडले आहे. कोइलकुंटला येथील तुरुंगात १९७७ मध्ये झालेल्या बाँबहल्ल्यासंबंधीच्या निर्णयात (२०००) तर, जीविताच्या अधिकाराचा भंग झाला असेल, तेथे कस्तुरीलाल प्रकरणाचा आधार घेता येणार नाही, असे ठरविण्यात आले.

महाराष्ट्रातील अच्युतराव हरिभाऊ खोडवा वि. महाराष्ट्र राज्य (१९९६) हे प्रकरण या संपूर्ण इतिहासाचे फलित दाखविणारे आहे. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये बाळंत झालेल्या एका स्त्रीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. तिच्या पोटात टॉवेल राहिला व काही दिवसांत ती मरण पावली. कुटुंबीयांनी निर्धन वादी म्हणून दावा केला. विचारण न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. रुग्णालय चालविणे हे सार्वभौम कार्य आहे, हे त्याचे एक कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने हे मत अमान्य करून मूळ हुकूमनामा पुनःस्थापित केला. शस्त्रक्रियेपासून तेव्हा तेहेतीस वर्षे होत आली होती.

मूल्यमापन : आजमितीस दोन प्रवाह समांतर वाहत आहेत. जीवित व स्वातंत्र्य यांच्या हानीबद्दल उच्च वा सर्वोच्च न्यायालयाकडे थेट जाता येते. तेथे नोटीस, भारी न्यायालय-शुल्क किंवा सार्वभौमत्व यांचा अडसर नाही. परंतु हा उपाय जेथे वस्तुस्थिती फारशी वादग्रस्त नाही अशाच प्रकरणांत सुलभ असतो, रक्कम न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते व साक्षीपुराव्याने नुकसानीचे पूर्ण मोजमाप त्यात होत नाही. त्यासाठी दिवाणी दावा अपरिहार्य ठरतो आणि तेथे ३०० वा अनुच्छेद व त्यामागील १८५८ ची तरतूद अजूनही लागू आहे. मालमत्तेच्या हानीबाबत तर ही मर्यादा अधिक जाणवते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा अधिकार मूलभूत अधिकारांतून वगळून ‘३०० क’ या अनुच्छेदात, म्हणजे शासनावरील दाव्यांच्या अनुच्छेदाला लागूनच, ठेवला. त्यामुळे मीरतच्या सोन्यासारख्या प्रकरणात ३२ व्या अनुच्छेदाचा मार्ग उपलब्ध होत नाही. उच्च न्यायालयाकडे जाता येते. परंतु भरपाईचा मुख्य मार्ग दिवाणी दावाच राहतो.

नंतरच्या निर्णयांनी कस्तुरीलाल प्रकरणाचे क्षेत्र अतिशय संकुचित केले. पण पाचांहून मोठ्या पीठाने ते स्पष्टपणे उलथविलेले नाही. सेटलवाड आयोगाची १९५६ ची शिफारस आणि गजेंद्रगडकरांची १९६४ ची सूचना या दोहोंचा रोख न्यायालयाकडे नव्हता, विधिमंडळाकडे होता. न्यायालये प्रकरणागणिक न्याय देऊ शकतात. कोणत्या हानीबद्दल, कोणत्या प्रमाणात, किती मुदतीत व कोणाकडून भरपाई मिळेल, हे नागरिकाला दावा करण्यापूर्वीच कळावे, ही निश्चिती अधिनियमानेच येऊ शकते. ३०० व्या अनुच्छेदातील ‘अन्यथा तरतूद होईपर्यंत’ ही अट १९५० साली तात्पुरत्या व्यवस्थेची निदर्शक होती. सर्वसाधारण अधिनियमाच्या अभावी तीच स्थायी व्यवस्था होऊन बसली आहे.